स्थायी लोक अदालतीत पाण्याची केस टाकली, त्याचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

लोक मिसळीला स्टार देतात, पार्लरला देतात, कुरिअरवाल्याला देतात, मग अदालतीला द्यायला काय हरकत आहे. मी ही सर्व्हिस चौदा महिने वापरलीये. मी वकील वगैरे नाही. घरी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, क्लास संध्याकाळी असतो, म्हणजे दिवसभर "मोकळीच" असते असं सोसायटीतल्या पुरुषांचं मत आहे आणि त्यामुळेच मला सेक्रेटरी केलं. शहराचं नाव लिहीत नाही, कॉर्पोरेशनचं पण नाही, कारण अजून त्यांच्याच नळाचं पाणी प्यायचंय.

आधी प्रॉब्लेम सांगते, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. आमचा भाग आधी गाव होता, मग हद्दीत आला. पाणीपट्टी लगेच शहराची लागली, पाणी मात्र गावाचंच राहिलं. तीन विंग, बहात्तर फ्लॅट. दिवसाआड पहाटे साडेपाचला पाणी, ते पण पाऊण तास, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं जे येतं त्याला पाणी म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. पिवळसर, आणि गटाराचा वास. वास येतो म्हटलं की वॉलमन (कॉर्पोरेशनचा पाणी सोडणारा माणूस) म्हणायचा, ताई थोडं वाहू द्या. वाहू दिलं की तेवढ्यात पाणी जायचं. बी विंगमधल्या दोन मुलांना एकाच महिन्यात कावीळ झाली, त्यातला एक माझ्या क्लासचा, सहामाही बुडली त्याची. तक्रार केली की एकच उत्तर, तुमची अंडरग्राउंड टाकी धुवा. धुतली. परत धुतली. तिसऱ्यांदा धुतली तेव्हा टाकी धुणारा पोरगाच म्हणाला, मॅडम टाकी माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे, लाइनमधेच घाण येतेय. बाहेर रोडवर खोदलं असतं तर कुणालाही दिसलं असतं, पाण्याची जुनी गंजलेली लाइन आणि ड्रेनेजची लाइन एकमेकींना चिकटून गेल्यात, आणि पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि आजूबाजूचं जे काही असेल ते आत ओढलं जातं. चोवीस तास प्रेशर असेल तर असं होत नाही. दिवसाआड पाण्याचा हा एक छुपा खर्च आहे, तो कुणी बिलात लावत नाही.

मग टँकर. उन्हाळ्यात आठवड्याला चार-पाच. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारायचं नसतं.

आणि कंपाउंडच्या मागे, नाल्याच्या कडेला, चाळीसेक बैठी घरं. त्यांना नळच नाही. रात्री अकरानंतर आमचा वॉचमन बागेच्या नळाला पाइप लावून त्यांना पाणी द्यायचा, कमिटीच्या डोळ्याआड. मला माहीत होतं, मी काही बोलले नाही. बोलले असते तर बंद करायला लागलं असतं. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या तीन बायका तिथल्याच, म्हणजे दिवसभर आमच्या घरात आमच्या नळाखाली भांडी घासायची आणि रात्री त्याच नळाचं पाणी चोरून न्यायचं, असा सगळा प्रकार.

आता सर्व्हिसबद्दल. शाळेच्या हॉलमधे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं एक शिबिर होतं, मी खरं तर सावलीत बसायला गेले होते. तिथे पहिल्यांदा "स्थायी लोक अदालत" हा शब्द ऐकला. तोपर्यंत मला लोक अदालत म्हणजे ती दर काही महिन्यांनी भरते, जिथे ट्रॅफिकचे चलान आणि बँकेची थकलेली कर्जं मिटवतात, तेवढंच माहीत होतं. ही वेगळी. तिथे दोघांनी हो म्हटलं तरच मिटतं, नाहीतर उठून जायचं. स्थायीमधे आधी मिटवायचा प्रयत्न करतात, नाही मिटलं तर तेच निकाल देतात. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, त्यात २००२ मधे हे कलम २२-अ पासून पुढचं प्रकरण घातलं. फक्त लोकोपयोगी सेवांसाठी, म्हणजे वीज, पाणी, पोस्ट, टेलिफोन, प्रवासी वाहतूक, साफसफाई, दवाखाना, विमा असलं. एक कोटीपर्यंतचा वाद चालतो. कोर्ट फी शून्य. शून्य म्हणजे शून्य, मी दोनदा विचारलं. दिवाणी प्रक्रियेचे आणि पुराव्याच्या कायद्याचे नियम त्यांना जसेच्या तसे लागू नाहीत, त्यामुळे मराठीत साध्या भाषेत अर्ज लिहिला तरी चालतो. एकच अट लक्षात ठेवा, आधीच दुसऱ्या कोर्टात गेला असाल तर इथे येता येत नाही, आणि इथे अर्ज टाकला की त्याच वादासाठी दुसरीकडे जाता येत नाही.

एक युक्ती सांगते जी आम्हाला शिबिरातल्या वकीलताईंनी सांगितली. अर्ज सोसायटीच्या नावाने टाकू नका. कायद्यात फुकट वकील मिळणाऱ्यांच्या यादीत बाई आहे, मग तिचं उत्पन्न कितीही असो. सोसायटी ही बाई नाही. त्यामुळे मी, बी विंगच्या त्या मुलाची आई, आणि ग्राउंड फ्लोअरच्या एक काकू असा तिघींच्या नावाने अर्ज गेला आणि ताईच आम्हाला वकील म्हणून मिळाल्या. वय असेल तीस, स्कूटीवर येतात, फाइल हेल्मेटच्या खाली धरलेली. फुकट वकील म्हणजे टाकाऊ असेल असं आमच्या चेअरमनचं मत होतं. नंतर तेच त्यांना स्वतःच्या भावकीच्या केसबद्दल विचारायला लागले तो भाग वेगळा. (ज्यांना शिबिर वगैरे माहीत नाही त्यांनी १५१०० वर फोन करा, विधी सेवेची हेल्पलाइन आहे.)

पाण्याचा रिपोर्ट कसा काढायचा हे मात्र नीट वाचा, कारण आमचा पहिला रिपोर्ट वाया गेला. मी हुशारी करून बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत पाणी नेलं. लॅबवाला हसला. जंतूंच्या टेस्टसाठी निर्जंतुक केलेली बाटली लॅबकडूनच घ्यायची, नळाचं तोंड आधी तापवून घ्यायचं, बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवायची. आणि नमुना टाकीच्या नळाचा नाही घ्यायचा. मीटरच्या आधी, म्हणजे लाइन सोसायटीत शिरते तिथला घ्यायचा, नाहीतर समोरचा परत टाकी धुवा म्हणून मोकळा. पिण्याच्या पाण्याचं आपल्याकडे जे स्टँडर्ड आहे, आयएस १०५००, त्यात १०० मिलीलीटर पाण्यात ई कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) अजिबात सापडायला नको असं आहे. थोडे चालतील असं काही नाही. आणि नळाच्या टोकाला क्लोरीन लीटरला किमान ०.२ मिलीग्राम शिल्लक पाहिजे. आमच्याकडे ओटी (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारं औषध) टाकून बघितलं तर पिवळा रंग आलाच नाही. म्हणजे क्लोरीन वाटेतच संपत होतं, घाण मारता मारता. दोन रिपोर्ट काढले, दोन वेगळ्या पाळ्यांचे. हा कागद नसता तर आमची केस म्हणजे नुसती रडारड होती.

जागेचा रिव्ह्यू: जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट बंद, गुडघेवाल्या काकूंना त्रास. हॉल लहान पण पंखा बरा. समोर तिघं बसतात, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे आणि दोन मेंबर ज्यांना असल्या सेवांचा अनुभव असतो. कठडा बिठडा नाही, टेबलाच्या अलीकडे सगळे सारख्याच खुर्च्यांवर. बाहेर व्हरांड्यात वॉटर कूलर होता, तो पहिल्या दिवसापासून बंद, वर "नादुरुस्त" असा कागद, त्या कागदाला पण पावसाळा लागून गेलेला. पाण्याच्या केसला येणाऱ्यांनी बाटली घरून आणावी.

पहिल्या तारखेला समोरून कुणीच नाही. दुसऱ्या तारखेला कॉर्पोरेशनचा वकील आला आणि म्हणे म्हणणं मांडायला मुदत द्या. इथे मी मनातल्या मनात एक स्टार कापून टाकला होता. तिसऱ्या तारखेला ज्युनिअर इंजिनिअर स्वतः आला, आणि इथून खरी मजा. आता हा माणूस मला चार वर्षं ओळखतो, म्हणजे माझा नंबर ओळखतो, कारण माझा फोन तो उचलत नाही. तो माझ्यापासून तीन फुटांवर बसला. अध्यक्षांनी त्याला साध्या आवाजात विचारलं, लाइन कुठून कुठपर्यंत खराब आहे? आणि त्याने उत्तर दिलं! पंचावन्न मीटर. चौकापासून आमच्या गेटपर्यंत. चार वर्षं जे "टाकी धुवा" होतं ते एका मिनिटात पंचावन्न मीटर झालं. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मला राग यायला हवा होता पण खरं सांगू का, त्याची पण कीव आली, कारण पुढच्या वाक्यात तो म्हणाला की तीनदा एस्टिमेट पाठवलंय, बजेटमधे बसत नाही म्हणून परत येतं.

बजेट म्हटल्यावर ताईंनी रतलामची केस काढली. ही मला इतकी आवडली की मी क्लासमधे मुलांना पण सांगितली. मध्य प्रदेशातलं रतलाम, तिथल्या एका वॉर्डातल्या लोकांनी मॅजिस्ट्रेटकडे तक्रार केली की उघडी गटारं, लोकांना संडास नाहीत, वर दारूच्या कारखान्याचं घाण पाणी रस्त्यावर. मॅजिस्ट्रेटने नगरपालिकेला सांगितलं साफ करा. नगरपालिका थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, काय म्हणत, तर आमच्याकडे पैसे नाहीत. १९८० मधे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की लोकांच्या आरोग्याची मूलभूत जबाबदारी पैसे नाहीत म्हणून झटकता येणार नाही. ते सगळं फौजदारी संहितेच्या कलम १३३ खाली झालं, सार्वजनिक उपद्रव हटवायचं कलम, आता नव्या संहितेत ते १५२ झालंय. म्हणजे तो पण एक रस्ता आहे, नुसता प्रांताकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. ताई म्हणाल्या तो पण बरा आहे, पण इथे समझोता लिहून मिळतो तो जास्त कामाचा.

ताईंकडून अजून एक कळलं ते सांगायचा मोह आवरत नाही. पाण्याच्या प्रत्येक निकालात सुभाष कुमार विरुद्ध बिहार, १९९१, हा हवाला असतोच, की जगण्याच्या हक्कात, म्हणजे घटनेच्या कलम २१ मधे, प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते. मला वाटलं कोण हा थोर माणूस. तर तो माणूस केस हरलाय! कोळसा धुतलेला गाळ बोकारो नदीत सोडतात म्हणून जनहित याचिका केली, आणि कोर्टाला दिसलं की ह्यालाच तो गाळ जास्त विकत हवा होता आणि कंपनीने दिला नाही म्हणून ही याचिका. फेटाळली, वर पाच हजार खर्च भरायला लावला. तरी त्या निकालातलं ते वाक्य राहिलं आणि आज आम्ही ते वापरतोय.

आता चाळीचं, म्हणजे मागच्या त्या बैठ्या घरांचं. हे लिहू का नको असा विचार करत होते कारण आमची सोसायटी वाचेल, वाचू दे. अर्ज लिहिताना मी म्हटलं मागच्या घरांचं पण त्यात घालू. कमिटी मीटिंगमधे जे झालं ते! "ते अनधिकृत आहेत." "त्यांना कनेक्शन दिलं तर आपलं प्रेशर जाईल." "आपण टॅक्स भरतो." एक जण तर म्हणाला, उद्या त्यांना पाणी मिळालं की परवा ते पक्कं घर बांधतील. मी विचारलं, आत्ता ते तहानलेले राहिले म्हणून गेले का कुठे सोडून? उत्तर नाही. पण ठराव काही झाला नाही. शेवटी आमच्या अर्जात आम्हीच, आणि चाळीतल्या पाच बायकांनी ताईंकडूनच वेगळा अर्ज टाकला.

कॉर्पोरेशनच्या वकिलाचं म्हणणं आमच्या कमिटीसारखंच होतं, शब्द फक्त जड. घरंच बेकायदेशीर, पाणी दिलं की त्यांना कायदेशीर केल्यासारखं होईल. ह्याच्यावर आपल्या हायकोर्टाचाच निकाल आहे. पाणी हक्क समितीने मुंबई महापालिकेविरुद्ध याचिका केली होती. तेव्हा २००० सालानंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचंच नाही असं धोरण होतं. १५ डिसेंबर २०१४ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती गडकरी यांनी सांगितलं की घर बेकायदेशीर आहे म्हणून माणसाला प्यायचं पाणी नाकारता येणार नाही, पाणी कलम २१ मधेच येतं. पण तेच कोर्ट पुढे म्हणालं की ह्याने घर कायदेशीर होत नाही, पाडायचा अधिकार तुमच्याकडे राहतो, आणि कायदेशीर घरवाल्यांइतकंच द्या असं पण नाही, दर जास्त लावा हवं तर, पण काहीतरी धोरण करा. मला हे वाचून आधी जरा खट्टू वाटलं, अर्धवट न्याय वाटला. मग चाळीतल्या बायकांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, जास्त दर? आम्ही आत्ता कॅनला वीस रुपये देतो. त्या हिशोबात कॉर्पोरेशनचा कुठलाही जास्तीचा दर फुकट आहे. श्रीमंतांपेक्षा गरीब पाण्याला जास्त पैसे मोजतो हे गणित मी इतकी वर्षं गणित शिकवून कधी घातलं नव्हतं मुलांना.

आणि निकाल २०१४ चा, मुंबईत त्यावर धोरण ठरलं २०१७ ला, मग "सर्वांसाठी पाणी" असं नवीन धोरण २०२२ ला. जिंकल्यावर आठ वर्षं.

चाळीच्या अर्जात एक आजी होत्या, सत्तरीच्या. आजी दरवर्षी २० मार्चला महाडला जातात, चवदार तळ्याला, एकही वर्ष चुकवलं नाही म्हणाल्या, कोरोनातलं सोडून. व्हरांड्यात त्या बंद कूलरशेजारी बसून त्यांनी मला तळ्याची कोर्टाची बाजू सांगितली जी मला माहीत नव्हती, शाळेत आपल्याला १९२७ चा सत्याग्रह शिकवतात आणि धडा संपतो. पुढे काय झालं तर महाडच्या काही सवर्णांनीच दावा टाकला, की तळं खासगी आहे, आणि डिसेंबर १९२७ मधे कोर्टाने आंबेडकरांना आणि त्यांच्या लोकांना तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली. म्हणजे पाणी आणि कोर्ट ह्या गोष्टीची आपल्याकडची सगळ्यात मोठी केस पाणी बंद करायला सुरू झाली! बाबासाहेबांनी ती मनाई पाळली. वकीलच ते. त्या डिसेंबरच्या परिषदेत पाणी घ्यायचं पुढे ढकललं आणि केस लढले, महाड, ठाणे, मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला, पूर्वापार वहिवाट म्हणून जे सांगत होते ते सिद्धच करता आलं नाही आणि तळं नगरपालिकेचं, सगळ्यांना खुलं. आजी म्हणाल्या, बाई, बाबांना दहा वर्षं लागली, आपली तर चौथी तारीख आहे. मी तो स्टार परत दिला.

आमच्या घरात कोर्ट आणि पाणी म्हटलं की ह्यांना एकच केस आठवते, २०१६ चा दुष्काळ, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी चाललेलं आणि हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितल्या. ह्यांच्याकडे तिकिटं होती. अजून जखम ताजी आहे. मी म्हटलं तेव्हा कोर्ट वाईट होतं ना, आता कसं चांगलं झालं.

असो. समझोता झाला नोव्हेंबरच्या शेवटी, अर्ज जूनचा. कलमं मी आणि ताईंनी घरी बसून लिहिली होती आणि ह्या भागाला माझ्याकडून सगळ्यात जास्त मार्क. कारण अदालत स्वतः विचारते, तुम्हाला नक्की काय पाहिजे ते सांगा. "स्वच्छ पाणी द्या" असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही, ते तर ते आधीपासून देतच आहेत त्यांच्या मते. आम्ही लिहिलं: चौक ते गेट पंचावन्न मीटर लाइन बदलायची, ड्रेनेजपासून लांबून आणि वरच्या पातळीने न्यायची, फेब्रुवारी अखेरपर्यंत. काम होईपर्यंत आठवड्याला दोन टँकर त्यांच्या खर्चाने. काम झाल्यावर सहा महिने दर महिन्याला नमुना, कुठल्या नळाचा ते पण लिहिलं, आणि रिपोर्टची कॉपी आम्हाला. इंजिनिअर म्हणाला चालेल. मला वाटतं त्याला पण हवंच होतं, आता त्याचं एस्टिमेट "अदालतीच्या आदेशानुसार" असं वर लिहून जाणार होतं.

चाळीला वेगळा समझोता, नाल्याच्या पुलाजवळ तीन सार्वजनिक नळ, गट करून बिल.

ह्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही. हे वाचून आम्ही पेढे वाटले. फेब्रुवारी संपला. खड्डा सुद्धा नाही. टँकर पहिले तीन आठवडे आले, मग चौथ्याला ड्रायव्हर म्हणे वरून सांगितलं नाही. आणि इथे ह्या सर्व्हिसचा खरा दोष कळला. निवाडा ते देतात, पण अंमलबजावणीसाठी तो दिवाणी कोर्टात पाठवायला लागतो, म्हणजे ज्या कोर्टाच्या पायऱ्या चुकवायच्या म्हणून इथे आलो तिथेच परत. मार्चमधे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज टाकला. खरं सांगायचं तर दरखास्तीवर काही होण्याआधीच एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. नोटीस गेल्यामुळे आला, का ३१ मार्चनंतर नवीन बजेट लागलं म्हणून आला, देव जाणे. मे महिन्यात नवीन लाइन चालू. पहिल्या पाळीला मी पावणेसहाला बादली घेऊन गेटवर उभी, गाऊनवरच, आणि पाणी पहिल्या धारेपासून नितळ. ओटी टाकली, पिवळं झालं. कुणीतरी हळद लागल्यासारखं ओरडलं, बहुतेक मीच.

तर स्टार कुठे कापले. अर्धा अंमलबजावणीचा, तो पूर्ण कापायला पाहिजे होता पण शेवटी जेसीबी आला. अर्धा, कारण तिथपर्यंत पोचणं, फलक नाही, कॉर्पोरेशनच्या तक्रार खिडकीवर कुणी सांगणार नाही की वर असं एक दार आहे, आणि बिलाच्या मागे चार ओळी छापायला काय जातं. आणि अर्धा मोठ्या माणसांना दिलेल्या मुदतींचा, मी एका तारखेला लेट झाले असते तर?

हायकोर्ट ह्याच्यापेक्षा चांगलं का, असं दोघांनी विचारलं म्हणून सांगते. भिवंडीजवळच्या कांबे गावातले लोक २०२१ मधे हायकोर्टात गेले होते, महिन्यातून दोनदा, ते पण दोनेक तास पाणी यायचं. कोर्टाने ऐकवलं की स्वातंत्र्याला ७५ वर्षं होत आली तरी लोकांना पाण्यासाठी कोर्टाची दारं ठोठवावी लागतात हे दुर्दैव. हायकोर्टाच्या शब्दाला वजन आहे, मोठ्या अधिकाऱ्याला समोर उभं करतात, सगळ्या गावाचा, सगळ्या शहराचा प्रश्न असेल, धोरणच चुकीचं असेल तर तिथेच जा, पाणी हक्कवाले गेले तसं. पंचावन्न मीटरसाठी मुंबईला खेटे घालू नका. आणि स्थायी लोक अदालतीत हरलात तर पुढे फक्त रिट याचिका हाच रस्ता उरतो, अपील नाही, म्हणून कागद आधीच घट्ट ठेवा. अजून एक, समेटाची पायरी ते गाळू शकत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०२२ मधे स्पष्ट केलंय, समोरचा आला नाही तरी ती पायरी करायलाच लागते, म्हणून पहिल्या दोन-तीन तारखा पाण्यात गेल्या तर तुमच्यासाठी खास नाही, सगळ्यांचं तसंच.

कुणी जाऊ नये ते पण सांगते. ज्यांच्याकडे दुपारी वेळ नाही त्यांनी ज्याच्याकडे आहे त्याला धरा. चाळीतल्या बायकांची प्रत्येक तारीख म्हणजे तीन घरचा खाडा, त्यातली एका घरची मालकीण आमच्याच सी विंगची, तिने पगार कापला. फी शून्य आहे, खर्च शून्य नाही. हे मला पहिल्या तारखेला सुचलं नाही, मी आपली पर्स घेऊन निघायचे.

सध्याची परिस्थिती: आमचे सहापैकी चार रिपोर्ट आले, चारही साफ. पाणी अजून दिवसाआडच आहे, ते आम्ही मागितलंच नव्हतं, ही चूक माझी. आणि आमचं प्रेशर गेलं का, तर नाही, उलट वाढलं, लाइनच मोठ्या व्यासाची टाकलीये. कमिटीत ज्यांनी प्रेशरचा मुद्दा काढला होता ते आता म्हणतात मी म्हटलंच होतं लाइन बदलायला हवी.

चाळीचे तीन नळ मंजूर होते, दोन बसले. तिसऱ्याच्या जागेवर कुणाची तरी रिक्षा उभी असते असं लिहून दिलंय. शिवाय गटाचं बिल कुणाच्या नावाने काढायचं ह्याच्यावर ऑफिसात फाइल फिरतेय, कारण फॉर्मवर मिळकत क्रमांक लागतो आणि त्यांना तो नाही. त्याची तारीख गुरुवारी आहे. आजींना दुसऱ्या मजल्यावर चढवायचंय, लिफ्ट अजून बंदच आहे.